रिंग कुणी हलवली?

१

प्रोफेसरांनी मूठ उघडली आणि बास्केटबॉल संघाच्या मालकीणबाईंच्या टेबलावर रंगाचे वाळलेले पापुद्रे सांडले. करड्या रंगाचे, नखाएवढे.

"दोन्ही रिंगांच्या खाली सापडले," ते म्हणाले. "बोर्ड वर-खाली करायचा जो दांडा आहे ना, त्याच्या बोल्टवरचा रंग आहे हा. बोल्ट कुणीतरी उघडलाय. रिंग वर चढवलीय. आणि नेमकी माझ्या सरावाच्या दिवशी!"

मालकीणबाईंनी पापुद्र्यांकडे पाहिलं, मग कोपऱ्यात बसलेल्या शिट्टीकाकांकडे. काकांनी उभी हयात बास्केटबॉलच्या मैदानांवर पंचगिरी करण्यात घालवली होती. शिट्टी सुटून बरीच वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. मालकीणबाई लहानपणी त्यांच्या शेजारच्या घरात राहायच्या, म्हणून आजही त्या त्यांना काका म्हणत आणि काका त्यांना 'अगं' म्हणत. या आठवड्यात काकांना एकच काम होतं. संघासाठी नवा मुख्य प्रशिक्षक निवडायचा होता. वादळ, प्रोफेसर आणि ताई, हे तीन उमेदवार एकेक सकाळ सराव घेणार, काकांनी बाकावर बसून बघायचं आणि मत द्यायचं. बायकोने बजावून पाठवलं होतं की गुडघ्यांना त्रास होईल असं काही करू नका. बसायचंच काम आहे, असं सांगून ते निघाले होते.

"काका, आजचा सराव तुम्ही पाहिलात," मालकीणबाई म्हणाल्या. "पोरांचा एक चेंडू धड आत जात नव्हता. काल त्याच पोरांनी नुसता पाऊस पाडला होता."

"पाहिलं," काका म्हणाले. ते खोटं नव्हतं. आज चेंडू जाऊन रिंगच्या पुढच्या कडेवर आपटत होते आणि तोंडावर परत येत होते.

"उद्या ताईची पाळी. सामानाच्या खोलीची किल्ली तिच्याकडे असते. तो दांडा फिरवायचं हँडल त्याच खोलीत." मालकीणबाईंनी कपाळ चोळलं. त्या दमल्या होत्या. सबंध हंगाम हरण्यात गेला होता आणि जुन्या कोचला काढून महिनाही उलटला नव्हता. "संध्याकाळपर्यंत हे काय ते मला सांगा. नाहीतर मी ताईला घरी पाठवते, वादळला नेमते आणि मोकळी होते."

ताई म्हणजे सहप्रशिक्षक. जुन्या कोचच्या, म्हणजे मोठ्या सरांच्या हाताखाली तिने उमेदीची सगळी वर्षं काढली होती. चोरीचा नाही, पण दगाबाजीचा शिक्का घेऊन ती इथून बाहेर पडली, तर तिला दुसरं कुठलं दार उघडणार होतं? या खेळात सगळे सगळ्यांना ओळखतात.

काका गुडघ्यावर हात टेकून उठले. "अगं, मी मत द्यायला आलो होतो," ते म्हणाले, "तपास करायला नाही."

"मग तपास करून मत द्या," मालकीणबाई म्हणाल्या आणि फोन वाजला म्हणून तिकडे वळल्या.

२

सरावाच्या हॉलच्या दारात काका अडखळले. काल अडखळले होते, आज सकाळीही. उंबऱ्याशी एक उतरती पट्टी ठोकलेली होती आणि दाराची खालची कड रंधा मारून तासलेली होती. काकांनी पट्टीला मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि आत गेले.

वादळ मधोमध उभा राहून एका बोटावर चेंडू फिरवत होता. पूर्वीचा मोठा खेळाडू. पोटाने आता पुढाकार घेतला होता, पण ऐट जशीच्या तशी.

"काका, काल बघितलंत ना?" काकांनी विषय काढायच्या आतच त्याने विचारलं. "उडी मारून रिंगला लटकलो! गेल्या कित्येक वर्षांत हाताला रिंग लागली नव्हती. पोरं वेडी झाली टाळ्या वाजवून. मी म्हटलं, अजून आहे बाबा आपल्यात."

"पाहिलं. टाळ्या मीही वाजवल्या. काल संध्याकाळी कुठे होतास?"

वादळने चेंडू थांबवला. "अच्छा, म्हणजे प्रोफेसर रडायला गेले वाटतं? मी सराव झाल्यावर थोडा वेळ थांबलो. ताईकडून किल्ली घेतली, चेंडू काढले, चार शॉट टाकले, किल्ली परत केली. तिथून थेट मॅडमच्या घरी जेवायला. त्यांनाच विचारा. जेवताना प्रोफेसरांचा फोन आला, तेव्हा मी समोरच बसलो होतो."

"कसला फोन?"

"पाळी बदलून मागायचा. आज खरं तर ताई होती ना. प्रोफेसरांच्या मुलीचं काहीतरी होतं उद्या, म्हणून ते म्हणाले, मला मंगळवार द्या, ताईला बुधवार. मॅडम म्हणाल्या, घ्या. ताईला फोन लावला, तो लागला नाही, मग निरोप टाकला." वादळ हसला. "काका, मला कुणाच्या रिंगेला हात लावायची गरज काय? कालचा सराव बघून पोरं माझी झालीत."

यात त्याची फुशारकी होती, पण थाप नव्हती. काकांनी ते लक्षात ठेवलं आणि बाकावर टेकले. संघाचा कॅप्टन तिथेच बुटांच्या नाड्या सोडत होता. सगळ्या संघाचं वय कोवळं, हा त्यातल्या त्यात थोराड.

"आज काय झालं रे तुम्हाला?" काकांनी विचारलं.

"काय की, काका. हात तोच, चेंडू तोच." त्याने मान खाली घातली. "सामने सगळे परगावी, तिथे होतं ना, तसंच झालं. तिकडे रिंग लांब वाटते. इथे कधीच वाटत नाही. मॅडमनी मनाचा डॉक्टरही आणला आमच्यासाठी. तो म्हणाला डोळे मिटा आणि चेंडू आत जाताना बघा. डोळे मिटल्यावर सगळे जातात आत."

"आज इथे पहिल्यांदाच लांब वाटली?"

"पहिल्यांदाच. भीतीच वाटली, खरं सांगायचं तर. म्हटलं ते भूत आता घरापर्यंत आलं."

 काकांच्या डोक्यात काहीतरी आलं आणि हाती लागण्याआधी निसटलं. म्हातारपणी असं फार होतं.

३

प्रोफेसर बाहेरच्या पायरीवर बॅगेवर बसले होते. पांढरा शर्ट, घडी न मोडलेला. शिस्तीसाठी त्यांचं नाव होतं आणि त्या नावाला जपण्यात त्यांचा अर्धा दिवस जात असावा.

"तुम्ही इथे कधी पोचलात?" काकांनी विचारलं.

"आज सकाळच्या बसने. तिकीट दाखवू?"

"नको. रिंग किती वर चढवलीय, असा तुमचा अंदाज?"

"दोन-तीन बोटं तरी. जास्त चढवली असती तर लगेच दिसलं असतं. करणारा हुशार आहे."

"मोजलीत?"

"मोजायची काय गरज? चेंडू सांगत होते. सगळे आखूड पडत होते."

 पंच असताना प्रत्येक सामन्याआधी काका टेप लावून रिंग मोजत. कधी चुकलेली सापडली नाही, तरी मोजत. खेळाडू हसायचे. आज सकाळपासून ते 'कुणी केलं' एवढंच विचारत फिरत होते आणि 'काय केलं' हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी शिडी मागवली. वर चढायचं धाडस त्यांच्यात नव्हतं, म्हणून कॅप्टनला चढवला. टेपचं टोक त्याच्या हातात दिलं आणि दुसरं टोक स्वतः वाकून जमिनीला लावलं. गुडघे करकरले. त्यांनी चष्मा वर करून आकडा वाचला, मग पुन्हा वाचला, मग दुसऱ्या टोकाच्या रिंगकडे शिडी न्यायला लावली.

दोन्हीकडे दहा फूट. नियमात सांगितलीय तेवढीच. केसाचाही फरक नाही.

रिंग बरोबर होती.

४

फोन वाजला. बायको होती.

"जेवलात का? नसणारच. आणि संध्याकाळी लवकर या, त्या मिस्त्रीला बोलायचंय. कंबर मोडली माझी. ओटा ठेंगणा झालाय."

"ओटा कसा ठेंगणा होईल?"

"तुम्हाला किती वेळा सांगू? जुनी फरशी उखडायचा कंटाळा केला त्याने. तिच्यावरच नवी बसवली. जमीन वर आली, ओटा तिथेच राहिला. आता भांडी घासायला मी कुबड काढून उभी राहते. ऐकताय ना?"

काका ऐकत होते. दारातल्या उतरत्या पट्टीकडे बघत होते. तासलेल्या दाराकडे बघत होते.

"तू फार हुशार आहेस," ते म्हणाले.

"उन्हात बसलात का?" बायकोने काळजीने विचारलं.

त्यांनी फोन ठेवला आणि हॉलच्या भिंतीशी, जिथे फळ्या संपत होत्या, तिथे कसेबसे खाली बसले. नव्या गुळगुळीत फळ्या. त्यांच्याखाली रबराचा थर. आणि त्याच्याखाली, फटीतून दिसेल न दिसेल अशी, जुनी लाकडी जमीन. कुणी उखडलेलीच नव्हती. जमीन वर आली होती आणि रिंग वर्षभर तिथेच राहिली होती.

ते उठायचं विसरून तसेच बसून राहिले. वादळच्या हाताला एवढ्या वर्षांनी रिंग का लागली, पोरं इथे पाऊस पाडत आणि बाहेर गेली की आखूड का टाकत, मोठ्या सरांची नोकरी का गेली, हे सगळं त्या फटीत दिसत होतं. पण एक गोष्ट दिसत नव्हती. कुणीतरी ते त्यांच्या आधी पाहिलं होतं, मग तोंडातून शब्द का काढला नव्हता?

५

ताई सामानाच्या खोलीत चेंडूंत हवा भरत होती. काकांना बघून तिने पंप बाजूला ठेवला नाही. उजव्या तळव्याला चिकटपट्टी होती.

"हँडल कडक झालं होतं वाटतं," काका म्हणाले. "वर्षभर कुणी फिरवलं नसणार. बोल्टवर रंगही फासलेला."

पंप थांबला.

"ताई, मी सांगतो, तू फक्त चुकलो तिथे अडव. ज्याला कुणाचा सराव बिघडवायचा असतो, तो दांडा अंदाजाने फिरवतो आणि पळतो. बरोब्बर दहा फुटांवर थांबत नाही. हा माणूस टेप लावून थांबला. दोन्हीकडे. म्हणजे त्याला बिघडवायचं नव्हतं, बिघडलेलं नीट करायचं होतं." काका चेंडूंच्या टोपलीच्या कडेवर टेकले. "आता दिवस. काल संध्याकाळी दांडा फिरला, तेव्हा आजची पाळी कुणाची होती? तुझी. पाळी बदलल्याचं वादळला माहीत होतं, तो मालकीणबाईंच्या टेबलावर होता. प्रोफेसरांनीच तर ती बदलून मागितली, आणि ते आले आज सकाळी. ज्याला बदल माहीत नव्हता, त्यानेच हे केलं. तुझा फोन काल लागला नाही म्हणे."

"बॅगेत होता," ताई हळूच म्हणाली. "मी शिडीवर होते. सकाळी इथे येऊन निरोप वाचला. तोवर प्रोफेसरांनी सराव सुरू केला होता."

"स्वतःच्याच सरावाच्या दिवशी रिंग वर केलीस. पोरं चुकणार हे माहीत असून?"

"हो. चुकली की मॅडमसमोर टेप लावणार होते. म्हणणार होते, बघा, हे असं आहे. पोरं भित्री नाहीत आणि सर म्हातारे झालेले नाहीत." तिने पंप खाली ठेवला.  "काका, सगळे म्हणायचे मन कच्चं आहे. मन कच्चं असतं तर चेंडू कधी डावीकडे गेला असता, कधी उजवीकडे, कधी लांब. यांचे सगळे पुढच्याच कडेवर. घाबरणारा माणूस इतका नेमाने कसा चुकेल? परवा हे सुचलं आणि काल मोजलं."

"मग आज सकाळी का बोलली नाहीस?"

"काय बोलू? एका भल्या माणसाचा सराव माझ्यामुळे मातीत गेला. मी तोंड उघडलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा, आता गोष्ट रचतेय. आणि फळ्या कुणी टाकून घेतल्या, माहितीय ना तुम्हाला? ज्या बाई उद्या निवड करणार, त्यांनीच. जुनी जमीन राहू द्या, तिच्यावरच टाका, असं त्या म्हणाल्या तेव्हा मी तिथेच उभी होते. मलाही तेव्हा काही सुचलं नाही." तिने चिकटपट्टीवर बोट फिरवलं. "मी थकलेय काका. हंगामभर पोरांना रडताना बघितलंय. सर जाताना पाठीवर हात ठेवून गेले, एक शब्द बोलले नाहीत. मला ती खुर्ची नकोच होती. सरांना परत बोलवा, एवढंच मागणार होते."

काकांना वाटलं, हिच्या डोक्यावर हात ठेवावा. पण आयुष्यभराची सवय, पंचाने कुणाच्या अंगाला हात लावायचा नसतो. ते नुसते म्हणाले, "चल. बोलायचं तर आत्ताच बोलू."

६

मालकीणबाईंनी सगळं उभ्यानेच ऐकलं. मग स्वतः हॉलमध्ये आल्या, चपला काढून त्या फटीपाशी वाकल्या आणि पुष्कळ वेळ वाकूनच राहिल्या.

"मी सांगितलं होतं," त्या उठून म्हणाल्या. "कंत्राटदार विचारत होता, उखडू का? मी म्हटलं, कशाला, वेळ जाईल. हंगाम तोंडावर आलाय." त्यांनी काकांकडे बघितलं. "आणि पोरांना मनाचा डॉक्टर आणला."

"आणलास खरा," काका म्हणाले.

वादळ दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो रिंगकडे गेला, खालून एकदा वर बघितलं, उडी मारण्यासाठी गुडघे वाकवले आणि तसेच सरळ केले. "म्हणजे काल मी..." तो म्हणाला आणि वाक्य अर्धंच सोडून दिलं. कुणी हसलं नाही.

प्रोफेसरांनी ताईकडे बोट करून भलं-बुरं बोलायला सुरुवात केली होती, पण मध्येच थांबले. "एक सांगा," त्यांनी विचारलं. "माझ्या जागी तुमचा सराव असता, तर तुमची पोरं अशीच चुकली असती ना?"

"अशीच," ताई म्हणाली. "तुमची माफी मागते."

प्रोफेसरांनी मान हलवली, बॅग उचलली आणि बसची वेळ झाली असं सांगून गेले. मालकीणबाईंनी त्यांना दुसरा सराव देऊ केला. त्यांनी जाता जाता हात हलवला, त्याचा अर्थ नको असाच होता.

मालकीणबाईंनी तिथेच बाकावर बसून मोठ्या सरांना फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन मांडीवर ठेवला. सगळं सांगितलं, आपली फळ्यांची चूक धरून, आणि शेवटी म्हणाल्या, "सर, परत या. मी चुकले. ताईचंही तेच म्हणणं आहे."

 पलीकडे सर खाकरले.

"किती कमी होती?"

"अडीच बोटं असतील," काका म्हणाले.

"काका, तुम्ही आहात होय तिथे?" सर म्हणाले. "मी वर्षभर त्या पोरांचे गुडघे तपासले. कोपरं तपासली. झोप तपासली, खाणं तपासलं. घरी भांडण झालंय का तेही विचारलं. रिंग नाही तपासली." त्यांच्या आवाजात राग नव्हता. नुसता थकवा होता. "मॅडम, तुमच्या फळ्यांची चूक तुमची. पण रोज त्या रिंगखाली उभा मी होतो. ज्याला पोरांवर शंका घ्यायच्या आधी रिंगवर शंका आली, तो त्यांचा कोच. ती तिथेच आहे ना?"

ताई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"मग मला कशाला बोलावताय?"

७

दुसऱ्या दिवशी सकाळी सराव ताईने घेतला. तिने आधी कॅप्टनला शिडीवर चढवून सगळ्या पोरांदेखत रिंग मोजून घेतली, काय झालं होतं ते चार वाक्यांत सांगितलं आणि म्हणाली, "आता टाका."

पोरांनी टाकले. चेंडू पुढच्या कडेवर आपटले. पुन्हा टाकले, पुन्हा आपटले. आज मात्र कुणी मान खाली घातली नाही. कॅप्टन प्रत्येक चुकीनंतर नुसता वर बघायचा आणि हात जरा उंच न्यायचा.

बाकावर काका बसले होते, मध्ये मालकीणबाई आणि पलीकडे मोठे सर. फक्त बघायला आलो, असं सर दारातच दोनदा बजावून आले होते.

"किती दिवस लागतील?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हाताची सवय आहे. वर्षभराची. लगेच नाही सुटायची," सर म्हणाले.

"तोवर हरतच राहणार?"

"हरतीलही."

 अशाच हरण्यापायी मालकीणबाईंनी शेजारी बसलेल्या माणसाला घरी पाठवलं होतं. "हरू देत," त्या म्हणाल्या. "ताईला सांगा, मी विचारणार नाही."

"मी कशाला सांगू? तुम्हीच सांगा," सर म्हणाले. मग रिंगवर आणखी एक चेंडू आपटला आणि त्यांनी डोळे मिटले. "ऐकलंत, काका? हाच आवाज. परगावच्या प्रत्येक सामन्यात ऐकायचो आणि घरी येऊन सरावात एकदाही नाही. त्यावरूनच कळायला हवं होतं."

 काकांनी खिशातून टेप काढली आणि उगाच हातात धरून बसले. समोर ताई एका पोराच्या मागे उभी राहून त्याचं कोपर बोटभर वर उचलत होती. पोराने चेंडू सोडला. तो कडेला न शिवता आत गेला आणि जाळी हलली. पोराने मागे वळून ताईकडे बघितलं.

"परत," ताई म्हणाली.